अमेरिकेत फोनची झडती: वॉरंट कुठे लागते, कुठे लागत नाही आणि लोकांच्या सवयींनी कायदा कसा बदलतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि आईवडील तिच्याकडे काही महिन्यांसाठी जाणार आहेत. अमेरिकेत पोलिसांना वॉरंटशिवाय फोन पाहता येत नाही असे त्यांनी वाचले आहे, पण विमानतळावर अधिकारी फोन उघडायला लावतात असेही त्यांच्या कानावर आले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? आणि प्रत्येक माणूस आपला ठावठिकाणा, छायाचित्रे आणि खरेदीचा हिशेब स्वतःच कंपन्यांच्या हवाली करत असताना खासगीपणाचा हक्क कायद्यात टिकतो तरी कशाच्या आधारावर?

अमेरिकेतील फौजदारी न्यायालयांत बचाव पक्षाचे काम करताना हे प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत सतत येत असतात. दोन्ही ऐकीव गोष्टी खऱ्या आहेत. देशाच्या आत, रस्त्यावर किंवा घरात, अटकेनंतरसुद्धा पोलिसांना फोन चाळण्यासाठी न्यायाधीशाचे वॉरंट लागते, तर सीमेवर आणि आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या तपासणी कक्षात ते बहुधा लागत नाही. मात्र हा हक्क बहुतेक लोक न्यायालयाच्या निकालामुळे गमावत नाहीत, तर स्वतःच्या तोंडच्या एका होकारामुळे गमावतात. म्हणून नियमाइतकाच त्यामागचा विचारही समजून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. नागरिकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती होऊ नये, आणि वॉरंट काढायचे तर ते सबळ कारण दाखवून, झडतीची जागा व जप्तीच्या वस्तू नेमक्या सांगूनच काढावे, एवढेच ती सांगते. ब्रिटिश अमलात जकात अधिकाऱ्यांना मिळणारी सरसकट झडतीची आज्ञापत्रे लोकांच्या मनात सलत होती. जेम्स ओटिस यांनी १७६१ साली बॉस्टनच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध केलेला युक्तिवाद या दुरुस्तीच्या मुळाशी आहे, असे तिथले न्यायाधीश आजही आवर्जून सांगतात. दुरुस्तीच्या मजकुरात तारा नाहीत, टेलिफोन नाही, मोबाइलच्या मनोऱ्यांच्या नोंदीही नाहीत. त्यामुळे प्रत्येक नवे यंत्र आले की जुन्या शब्दांत ते बसते का, हा वाद न्यायालयात नव्याने उभा राहतो.

पहिला मोठा वाद टेलिफोनवरून झाला. ओल्मस्टेड खटल्यात दारूबंदीच्या काळातील सिअ‍ॅटलच्या एका मद्यतस्कराच्या फोनतारांना केंद्रीय अधिकाऱ्यांनी घराबाहेर जोडणी करून महिनोन्महिने संभाषणे ऐकली. घरात कोणी शिरले नाही, म्हणजे झडती झालीच नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी दिला. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी त्यावर लिहिलेले विरोधी मत आज मूळ निकालापेक्षा जास्त वाचले जाते. माणसाला त्याच्या एकांतात राहू देणे हा सुसंस्कृत समाजाने सर्वाधिक मोलाचा मानलेला हक्क आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. याच ब्रँडाइस यांनी १८९० साली, झटपट छायाचित्रण आणि चहाटळ वृत्तपत्रे यांच्या वाढीला उत्तर म्हणून, सॅम्युएल वॉरन यांच्यासोबत खासगीपणाच्या हक्कावरचा प्रसिद्ध लेख लिहिला होता. म्हणजे अमेरिकेत हा हक्क पहिल्यापासूनच तंत्रज्ञानाने लोकांच्या जगण्यात केलेल्या घुसखोरीला दिलेले उत्तर म्हणून वाढत आला आहे.

ओल्मस्टेडचा निकाल उलटायला १९६७ साल उजाडावे लागले. कॅट्झ खटल्यात तपास अधिकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील एका सार्वजनिक टेलिफोन बूथच्या बाहेरच्या अंगाला मायक्रोफोन बसवून जुगाराच्या बोलीची संभाषणे टिपली होती. चौथी दुरुस्ती माणसांचे रक्षण करते, जागांचे नाही, असे न्यायालयाने या वेळी सांगितले, आणि न्यायमूर्ती हार्लन यांनी आपल्या सहमतीच्या मतात एक कसोटी घालून दिली: त्या माणसाला खासगीपणाची अपेक्षा खरोखर होती का, आणि ती अपेक्षा समाज वाजवी मानतो का?

या कसोटीचा दुसरा भाग सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. समाज काय वाजवी मानतो हे राज्यघटनेत लिहिलेले नाही. ते लोकांच्या सवयींतून ठरते, आणि सवयी यंत्रांमुळे बदलतात. २००१ सालच्या कायलो खटल्यात ओरेगनमधील एका घराच्या भिंतींची उष्णता पोलिसांनी रस्त्यावरून थर्मल कॅमेऱ्याने मोजली होती. सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घरातली माहिती काढणे म्हणजे झडतीच होय, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. त्या दिवशी तो निकाल घराच्या बाजूचा होता. पण आज फोनला जोडता येणारा उष्णता-कॅमेरा दुकानात मिळतो, आणि यंत्र सर्रास वापरात आले की संरक्षण पातळ होते, असा युक्तिवाद सरकारी वकिलांना त्याच निकालातून करता येतो. लोकांच्या सवयींना हक्काचे माप ठरवणे मला धोक्याचे वाटते, आणि ते मी न्यायालयातही मांडत आलो आहे.

सवयीचा हा तर्क सर्वांत जास्त ताणला गेला तो तिसऱ्या पक्षाच्या नियमात, म्हणजे आपण होऊन दुसऱ्याच्या हवाली केलेली माहिती खासगी राहत नाही, या तत्त्वात. १९७६ च्या मिलर खटल्यात न्यायालयाने ठरवले की बँकेकडे असलेल्या नोंदी बँकेच्या आहेत, खातेदाराच्या नाहीत, त्यामुळे त्या घेताना खातेदाराच्या हक्काचा प्रश्नच येत नाही. १९७९ मध्ये स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात हेच तत्त्व टेलिफोनला लावले गेले. बॉल्टिमोरमध्ये एका महिलेला लुटून नंतर तिला धमकीचे फोन करणाऱ्या संशयिताने कोणते क्रमांक फिरवले, याची नोंद पोलिसांनी टेलिफोन कंपनीकडून वॉरंटशिवाय करवून घेतली होती. क्रमांक फिरवताना तो आपण कंपनीला स्वेच्छेने सांगतो, म्हणून तो गुप्त राहील अशी अपेक्षा वाजवी नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी विरोधी मतात विचारले की टेलिफोन ही अनेकांच्या जगण्याची आणि व्यवसायाची गरज होऊन बसलेली असताना, तो वापरणे याला स्वेच्छेने पत्करलेला धोका कसे म्हणायचे? त्यांच्या या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाकडून उत्तर मिळायला ३९ वर्षे लागली.

भारताचा इथे खरा संबंध येतो. जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या २००४ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मिलरची चर्चा करून त्या वाटेने जायचे नाकारले. कागद बँकेच्या ताब्यात गेला म्हणून ग्राहकाचा खासगीपणा संपत नाही, असे मानले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तेव्हाही अमेरिकेतील ही सारी परंपरा त्यांच्यासमोर होती. तत्त्वाच्या पातळीवर या एका मुद्द्यावर दिल्लीने वॉशिंग्टनच्या आधी योग्य भूमिका घेतली, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी न्यायालय वळले ते खिशातल्या फोनमुळे. २०१२ च्या जोन्स खटल्यात पोलिसांनी एका गाडीला जीपीएस यंत्र लावून २८ दिवस तिचा माग ठेवला होता. ती झडती आहे यावर सर्व न्यायमूर्तींचे एकमत झाले, आणि न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी तिसऱ्या पक्षाचा नियम डिजिटल युगाला शोभत नाही, असे स्वतंत्रपणे नोंदवले. दोन वर्षांनी रायली विरुद्ध कॅलिफोर्निया हा निकाल आला. सॅन दिएगोत गाडीच्या नोंदणीची मुदत संपल्यावरून थांबवलेल्या तरुणाला अटक झाली आणि त्याच्या फोनमधील चित्रांवरून त्याचा एका गोळीबाराशी संबंध जोडला गेला. अटक केलेल्या माणसाच्या खिशातील वस्तू तपासण्याची मुभा पोलिसांना फार जुन्या काळापासून आहे, आणि फोन ही अशीच एक वस्तू आहे, असे सरकारचे म्हणणे होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ते नऊ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळले. फोनमध्ये माणसाचे सारे आयुष्य साठवलेले असते. त्याची तुलना पाकिटाशी करणे म्हणजे घोडेस्वारी आणि चंद्रावरचे उड्डाण यांत फरक नाही असे म्हणणे होय, असा त्यांचा आशय होता. फोन पाहण्यापूर्वी पोलिसांनी काय करायचे, तर वॉरंट आणायचे, असे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

२०१८ च्या कार्पेंटर निकालाने याहून खोलवरचा बदल केला. डेट्रॉइट आणि आसपासच्या फोनच्या दुकानांवरील दरोड्यांच्या तपासात सरकारने एका आरोपीच्या फोनच्या १२७ दिवसांच्या मनोरा-नोंदी, म्हणजे फोन केव्हा कोणत्या मनोऱ्याला जोडला गेला याच्या नोंदी, कंपनीकडून मिळवल्या होत्या. त्यांत त्याचे ठिकाण सांगणारे १२,८९८ बिंदू होते. त्यासाठी काढलेला न्यायालयीन आदेश वॉरंटच्या कसोटीपेक्षा बऱ्याच सैल निकषावर मिळाला होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले की फोन बाळगल्याशिवाय आजच्या समाजात वावरता येत नाही, आणि तो नुसता चालू ठेवला तरी त्याची नोंद आपोआप होते. त्यामुळे ही माहिती माणसाने खऱ्या अर्थाने स्वेच्छेने दिली, असे म्हणता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या अशा नोंदींसाठी वॉरंट लागेल, असे ठरले. सवयीचा अर्थ इथे प्रथमच उलट लावला गेला: एखादी गोष्ट सगळेच करतात म्हणून तिचे संरक्षण संपत नाही, उलट ती टाळता येत नाही म्हणून तिला संरक्षण द्यावे लागते. या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा विचार आहे, असे मी मानतो.

तरीही त्या आरोपीला या निकालाचा लाभ मिळाला नाही, हे सांगणे आवश्यक आहे. अधिकाऱ्यांनी तेव्हाच्या कायद्यावर सद्‌भावनेने विसंबून नोंदी घेतल्या होत्या, म्हणून अपील न्यायालयाने पुरावा वगळला नाही आणि त्याची शंभराहून अधिक वर्षांची शिक्षा कायम राहिली. फौजदारी वकिलीत हा अनुभव नेहमीचा आहे. तत्त्व जिंकते त्या खटल्यातील माणूस पुष्कळदा हरतो, आणि त्या तत्त्वाचा लाभ पुढच्या एखाद्या आरोपीला होतो.

कार्पेंटरनंतरही सरकारी पक्षाला बऱ्याच वाटा मोकळ्या आहेत. एका विशिष्ट वेळी विशिष्ट परिसरात कोणकोणते फोन होते, हे गूगलकडे मागणाऱ्या वॉरंटवरून २०२४ साली दोन अपील न्यायालयांत टोकाचा फरक दिसला. टेक्सासचा समावेश असलेल्या पाचव्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचे केंद्रीय अपील न्यायालय) अशी वॉरंट म्हणजे १७६१ ची सरसकट आज्ञापत्रेच आहेत, असे ठरवले. तर व्हर्जिनियातील एका दरोड्याच्या प्रकरणात चौथ्या सर्किटच्या खंडपीठाने म्हटले की आरोपीने लोकेशनची नोंद स्वतःहून चालू केली होती, म्हणून दोन तासांच्या नोंदी पाहणे ही झडतीच नव्हे. पुढे त्याच सर्किटच्या पूर्णपीठापुढे तेच प्रकरण आले, तेव्हा न्यायाधीशांत या मुद्द्यावर एकमत होऊ शकले नाही. फोनवर अ‍ॅप सुरू करताना पटकन दाबलेल्या संमतीच्या बटणाला न्यायाधीश किती वजन देतात, यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहावे, हे मला योग्य वाटत नाही. गूगलने डिसेंबर २०२३ मध्ये ही नोंद आपल्या सर्व्हरऐवजी ग्राहकाच्या फोनमध्येच ठेवण्याचे जाहीर केले, आणि प्रत्यक्षात न्यायालयांपेक्षा त्या एका निर्णयाने अधिक लोकांना संरक्षण मिळाले.

दुसरी वाट खरेदीची आहे. हवामान, खेळ किंवा सवलतींच्या अ‍ॅपमधून गोळा झालेली ठिकाणांची माहिती दलाल कंपन्या बाजारात विकतात, आणि सरकारी खातीही ती विकत घेतात. एफबीआयच्या तत्कालीन संचालकांनी मार्च २०२३ मध्ये सिनेटसमोर, अशी माहिती पूर्वी विकत घेतली होती, हे मान्य केले. वॉरंटने जे मागावे लागते ते पैसे देऊन मिळत असेल, तर चौथ्या दुरुस्तीला बगल देणे फार सोपे होते. ही पळवाट बंद करणारे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने २१९ विरुद्ध १९९ मतांनी संमत केले, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. आजच्या घडीला अमेरिकेच्या खासगीपणाच्या कायद्यातील सर्वांत मोठे भगदाड हेच आहे, आणि ते बुजवणे हे न्यायालयाचे नव्हे तर संसदेचे काम आहे. मिलर निकालानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९७८ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बँक नोंदींसाठी स्वतंत्र कायदा केला होता. तेव्हा जमले ते आता का जमू नये?

आता वाचकांच्या प्रत्यक्ष उपयोगाचे. रस्त्यावर पोलिसाने फोन मागितला, तर ती पुष्कळदा आज्ञा नसून विनंती असते, आणि विनंतीला दिलेला होकार कायद्याने पूर्ण संमती ठरतो. तुम्हाला नकार देता येतो, हे सांगणे पोलिसांवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच ठरवले आहे. आपल्याकडे वर्दीतल्या माणसाला नाही म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि लपवण्यासारखे काही नाही हे दाखवण्याच्या घाईत आपली मुले फोन उघडून हातात देतात. असे झाले की रायली निकालाचा काही उपयोग उरत नाही, कारण वॉरंटची गरजच संपलेली असते. शांतपणे, हात न झटकता, ‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च’ एवढे म्हणावे. अधिकाऱ्याने तरीही फोन घेतला तर अंगाने विरोध करू नये. ती लढाई नंतर न्यायालयात लढता येते. फोनमधील मजकूर मात्र त्या क्षणी पुसायला जाऊ नये, कारण पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

बोटाच्या ठशाने उघडणारा फोन आणि आकडी संकेताने (पासकोडने) उघडणारा फोन यांत कायदेशीर फरक पडू शकतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हे पाचवी घटनादुरुस्ती सांगते. मनातला संकेत सांगणे ही साक्ष आहे का, यावर राज्या-राज्यांत मतभेद आहेत: पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आरोपीच्या बाजूने, तर न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०२० मध्ये त्याच्या विरुद्ध कौल दिला. ठशाच्या बाबतीत संरक्षण याहूनही डळमळीत आहे. त्यामुळे प्रवासात किंवा मोर्चाला जाताना ठशाची आणि चेहऱ्याची सोय बंद ठेवून लांब संकेत वापरावा, असा सल्ला मी देतो.

विमानतळाची गोष्ट निराळी आहे. देशात येणाऱ्या माणसांची आणि मालाची वॉरंटशिवाय तपासणी करण्याचा अधिकार सरकारला पहिल्या काँग्रेसने केलेल्या १७८९ च्या जकात कायद्यापासून आहे, आणि रायलीने तो काढून घेतला नाही. अपील न्यायालयांत मर्यादेबद्दल मतभेद आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचे नववे सर्किट फोनमध्ये केवळ बेकायदा डिजिटल मजकूरच शोधू देते. अकराव्या सर्किटच्या मते तर संशयाचीही गरज नाही. सीमा तपासणी खात्याच्या २०१८ च्या निर्देशानुसार अधिकारी फोन हातात घेऊन साधी तपासणी संशयाशिवाय करू शकतात, पण यंत्र जोडून मजकूर काढून घ्यायचा असेल तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. फोनमध्ये साठलेलेच पाहायचे, इंटरनेटवरचे नाही, म्हणून तपासणीपूर्वी नेटवर्क बंद करणेही त्यात अपेक्षित आहे. खात्याच्याच आकड्यांनुसार २०२४ या आर्थिक वर्षात सुमारे ४७ हजार उपकरणे तपासली गेली, म्हणजे येणाऱ्या दर दहा हजार प्रवाशांमागे साधारण एक. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण नकाराचे परिणाम सर्वांना सारखे नाहीत. अमेरिकी नागरिकाला संकेत न सांगितल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही, फार तर फोन काही दिवस ठेवून घेतला जातो. व्हिसावर येणाऱ्याला मात्र परतही पाठवले जाऊ शकते. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही अमेरिकी तपासणी तिथल्या विमानतळावरच उरकली जाते, हेही लक्षात असू द्यावे.

सीमेच्या अलीकडे, व्हिसाच्या अर्जातच, बदल झाला आहे. २०१९ पासून बहुतेक अर्जदारांना मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि अभ्यागत-विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी (नोकरीचा व्हिसा) व एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांनाही ते लागू झाले. देशाबाहेर उभ्या असलेल्या परदेशी माणसाला चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण जवळपास नाही, त्यामुळे इथे न्यायालयात दाद मागण्याची जागा फार अरुंद आहे.

प्रश्नकर्त्या आईवडिलांसाठी सल्ला असा: बँकेचे आणि वैद्यकीय कागद, जुने खासगी संभाषण यांतले प्रवासात न लागणारे सारे घरच्या संगणकावर ठेवून फोन हलका करावा, आणि हे तपासणीच्या रांगेत नव्हे, तर तिकीट काढल्यावर सवडीने करावे. फोन बंद करूनच रांगेत उभे राहावे. अधिकाऱ्याने संकेत मागितला, तर व्हिसावर आलेल्या ज्येष्ठांनी तो द्यावा, फोन कोणत्या अधिकाऱ्याने आणि किती वेळ घेतला ते लिहून ठेवावे, फोन ठेवून घेतला तर त्याची लेखी पावती मागावी, आणि बाहेर आल्यावर संकेत बदलावा. मुलगी नागरिक असेल तर तिला नकाराचा पर्याय आहे. ती व्हिसावर असेल, तर नकार देण्याआधी तिने इमिग्रेशनच्या वकिलाचा क्रमांक फोनमध्ये नव्हे, कागदावर लिहून जवळ ठेवलेला असावा.